कोळंबीच्या तळ्यातला व्हिब्रिओ कसा मोजावा: बाटलीपासून निर्णयापर्यंत

दुपारचे दोन. मोटरसायकलच्या डिकीतून शीतपेयाची रिकामी बाटली निघते. आत तळ्याचं पाणी, हाताला कोमट लागणारं. "सकाळी सातला भरलंय, व्हिब्रिओ बघा जरा." व्हिब्रिओ म्हणजे खाऱ्या पाण्यातला जिवाणू. मी बघतो. दुसऱ्या दिवशी प्लेट, म्हणजे जिवाणू वाढवून मोजायची चपटी बशी, हिरव्या ठिपक्यांनी भरलेली असते. माणूस घाबरतो, संध्याकाळी तळ्यात औषध पडतं, चौथ्या दिवशी शेवाळ मरून पाणी काचेसारखं होतं आणि मग खरोखरच कोळंबी मरायला लागते. रोग बाटलीत वाढला होता, उपचार तळ्यावर झाला.

खाडीकाठच्या तळ्यात व्हेनामी जातीची कोळंबी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मोजणी स्वतः करा किंवा बाहेर पाठवा, नमुना मात्र तुम्हीच काढणार. आणि जास्तीत जास्त चुका तिथेच होतात.

सुरुवातीला एवढं लक्षात घ्या. व्हिब्रिओ खाऱ्या पाण्याचा कायमचा रहिवासी आहे. पाण्यात, गाळात, कोळंबीच्या कवचावर, आतड्यात तो असणारच. त्याला शून्यावर आणायचं नसतं. त्याच्या कितीतरी जाती आहेत, पण आपली गाठ मुख्यतः दोघांशी पडते. एक व्हिब्रिओ हार्वेयी, अंधारात चमकणारा. हॅचरीतल्या पिलांना तो मारतो, तळ्यातल्या कोळंबीला छळतो आणि पिंजऱ्यातल्या जिताड्यालाही सोडत नाही. दुसरा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. याच्या काही वाणांकडे प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं एक सुटं कडं असतं आणि त्यावर पिर-ए व पिर-बी या दोन विषांची जनुकं बसलेली असतात. असा वाण तळ्यात शिरला की बीज (कोळंबीची पिलं) सोडल्यापासून महिना-सव्वा महिन्याच्या आत तळं रिकामं करतो. ईएमएस किंवा एएचपीएनडी म्हणतात तो रोग हाच.

## टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

तळ्यावर जायच्या आदल्या दिवशी प्लेट ओतून तयार हव्यात. नमुना हातात आणि माध्यम (ज्यावर जिवाणू वाढवतात ती जेली) अजून गॅसवर, अशी घाई झाली की पुढचं सगळं चुकतं.

व्हिब्रिओसाठी वापरतात ते टीसीबीएस माध्यम. बाजारात पावडर मिळते, प्रमाण साधारण लिटरला ८९ ग्रॅम. तरी तुमच्या डब्यावर छापलेलं प्रमाण वाचा. ९० मिलिमीटरच्या एका प्लेटला २० मिली लागतं, म्हणजे दहा प्लेटना २०० मिली पाण्यात सुमारे १८ ग्रॅम. भांडं निदान दुप्पट मोठं घ्या, कारण हे दुधासारखं उतू जातं आणि शेगडीवर सांडलं की हिरवा डाग आठवडाभर निघत नाही. सतत ढवळत उकळी आणा, पावडर पूर्ण विरघळली की खाली उतरवा.

सावध: टीसीबीएस ऑटोक्लेव्हमध्ये किंवा कुकरमध्ये घालायचं नाही. त्यातले क्षार आणि साखर जास्त उष्णतेत बिघडतात. सुरुवातीच्या दिवसांत मी सवयीने घातलं होतं. प्लेट दिसायला बऱ्या होत्या, वर काहीच उगवलं नाही, आणि मी दोन तळ्यांना निर्मळ असल्याचा दाखला देऊन मोकळा झालो. आठवड्याने दोन्हीकडून फोन आले.

माध्यम मनगटाला सोसेल इतकं, म्हणजे ५० अंशांच्या आसपास निवलं की ओता. फार गरम ओतलं तर झाकणावर वाफ धरते आणि तेच थेंब नंतर प्लेटवर पडून कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, एकमेकींत मिसळतात. गोठल्यावर झाकण थोडं कलतं ठेवून अर्धा तास सुकू द्या, मग उलट्या करून फ्रिजमध्ये ठेवा. आठवड्याच्या आत संपवा. वापरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा.

दुसरी तयारी मिठाच्या पाण्याची. नमुना पातळ करायला बरेच जण डिस्टिल्ड वॉटर वापरतात. खाऱ्या पाण्यात वाढलेली पेशी गोड्या पाण्यात टाकली की फुगून फुटते, आणि मोजणी होण्याआधीच तुम्ही जिवाणू मारलेले असतात. लिटरला २० ग्रॅम प्रयोगशाळेतलं सोडियम क्लोराइड घाला आणि टेस्ट ट्यूबमध्ये बरोबर ९ मिली भरा. या ट्यूब मात्र कुकरमध्ये १५ पौंड दाबावर १५ मिनिटं निर्जंतुक करायच्या. (जेवणाचा कुकर नको. वेगळा घ्या आणि त्यावर तेलरंगाने मोठी फुली मारा.)

बाकी सामान: निर्जंतुक बाटल्या, मायक्रोपिपेट आणि निर्जंतुक टिप, एल आकाराचा काचेचा स्प्रेडर, स्पिरिटचा दिवा, ७० टक्के अल्कोहोल, हातमोजे, मार्कर, थर्मामीटर. इन्क्युबेटर नसेल तर थर्मोकोलचा खोका, १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि थर्मोस्टॅट एवढ्यावर भागतं. आत पाण्याची वाटी ठेवा आणि तापमान ३० अंशांच्या आसपास रात्रभर टिकतं का, हे एकदा रिकामं चालवून पाहा.

## टप्पा २: पाण्याचा नमुना

वेळ: सकाळी सहा ते आठ, पहिलं खाद्य टाकण्याआधी. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ. बीज सोडल्यावर पहिले चाळीस दिवस आठवड्यातून दोनदा काढा.

तळ्यात प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंचा डबा) किंवा जंतुनाशक पडल्यापासून ४८ तास नमुना घेऊ नका. त्या पाण्याची मोजणी तळ्याबद्दल काही सांगत नाही, कालच्या डब्याबद्दल सांगते.

जागा: चार कोपरे आणि मधला भाग, असे पाच ठिकाणांहून. झडपेशी नको, एरेटरच्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) मागे फेसात नको, बांधाला चिकटलेल्या कचऱ्यात नको. बाटली बंदच पाण्यात बुडवा, एक हात खोल गेल्यावर तोंड खाली धरून उघडा, मग वळवून भरा. वरचा पापुद्रा आत येता कामा नये. बाटली तळ्याच्या पाण्याने विसळायची नाही, ती निर्जंतुक करून आणलीय. वर बोटभर जागा रिकामी सोडा. पाचही ठिकाणचं पाणी एका निर्जंतुक बाटलीत एकत्र करा.

मधोमध जिथे एरेटर गाळ गोळा करतात, तिथलं तळालगतचं पाणी वेगळ्या बाटलीत घ्या आणि त्यावर 'तळ' असं लिहा. वरच्या पाण्याचा आकडा शांत आणि तळाचा चढता असेल, तर पुढच्या आठवड्यात काय होणार ते आज कळलं.

आता ने-आण. उबदार जागी पॅराहिमोलिटिकस दहा-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. वीस मिनिटं धरली तरी दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे मिलीमध्ये १०० होते त्याचे कागदावर ६,४०० झाले. डिकीतल्या बाटलीत हेच होतं. म्हणून लोक दुसरं टोक गाठतात आणि बाटली थेट बर्फात पुरतात. तेही चूक. अचानक बर्फाची थंडी लागली की व्हिब्रिओ दुखावतो. जिवंत राहतो, पण प्लेटवर उगवत नाही. मग आकडा खोटा कमी येतो. नमुना ७ ते १० अंशांवर ठेवा. आइसबॉक्समध्ये खाली बर्फाच्या बंद पिशव्या, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी किंवा टॉवेल, त्यावर बाटल्या. बाटलीला बर्फ टेकता कामा नये.

तपासा: नमुना काढल्यापासून चार तासांच्या आत प्लेटवर पडणार का? नसेल तर तळ्यावरच्या खोलीत पंखा बंद करून, दिव्याच्या बाजूला बसून पसरवा. प्रवास नमुन्याला नको, प्लेटला करू द्या.

बाटलीवर तळ्याचा क्रमांक, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान आणि क्षारता लिहा. आपल्या खाड्यांची क्षारता पावसाळ्यात जवळपास गोड्या पाण्यावर येते आणि मे महिन्यात समुद्राइतकी चढते. क्षारता माहीत नसलेला व्हिब्रिओचा आकडा वाचणं म्हणजे वय न विचारता वजन सांगणं.

## टप्पा ३: कोळंबीचा नमुना

पाण्यात किती आहे यापेक्षा कोळंबीच्या पोटात किती आहे, हे जास्त महत्त्वाचं. तरी दहातले नऊ जण फक्त पाणी आणतात.

पाग टाकून पाच-सहा आणि चेक ट्रेमधून (खाद्य किती खाल्लं ते बघायच्या ट्रेमधून) पाच-सहा जिवंत कोळंब्या घ्या. कडेला येऊन सुस्त फिरणाऱ्या सापडल्या तर त्याही, पण वेगळ्या पिशवीत. मेलेली नको. मेल्यावर काही तासांतच आतड्यातले जिवाणू सगळीकडे पसरतात आणि कुठल्याही मेलेल्या कोळंबीची प्लेट भीतिदायकच येते.

कापण्याआधी डोळ्यांनी बघा. डोक्याच्या कवचाखाली दिसतो तो हेपॅटोपॅन्क्रियाज. तळ्यावर सगळे त्याला एचपीच म्हणतात. निरोगी एचपी काळपट तपकिरी, भरलेला असतो आणि चिमटीत दाबला की सहज विरघळतो. एएचपीएनडीचा संशय कधी घ्यावा? एचपी फिकट, पांढरट, आकसलेला, त्यावर काळे ठिपके किंवा रेघा, चिमटीत दाबला तर पटकन फुटत नाही, आतडं रिकामं किंवा तुटक भरलेलं, कवच मऊ. यातली दोन-तीन लक्षणं पाच कोळंब्यांत दिसली, तर प्लेटची वाट न बघता थेट टप्पा ७ मधला पीसीआरचा (जनुक ओळखणाऱ्या चाचणीचा) भाग वाचा.

मग कवच ७० टक्के अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, जळत्या स्पिरिटवर धरून घेतलेल्या चिमट्याने एचपी उचला. पाच कोळंब्यांचा मिळून १ ग्रॅम. निर्जंतुक खलात ९ मिली मिठाच्या पाण्याबरोबर घोटा. हे झालं दहापट पातळ. कोळंबी लहान असेल तर १ ग्रॅम भरत नाही. अर्धा ग्रॅम आणि साडेचार मिली घ्या, प्रमाण तेच राहतं.

## टप्पा ४: पातळ करणं आणि पसरवणं

१ मिली नमुना ९ मिलीच्या ट्यूबमध्ये, बूच लावून पंचवीस वेळा हलवा. त्यातलं १ मिली पुढच्या ट्यूबमध्ये, असंच पुढे.

प्रत्येक ट्यूबला नवीन टिप. एकच टिप वापरली की दाट नमुन्याचा अंश शेवटपर्यंत जातो, आणि हजारपट पातळ केलेली प्लेट शंभरपट पातळ केलेल्या प्लेटसारखीच दिसते. असं जुळं दिसलं की मी कारण विचारत नाही, टिपचं पाकीट दाखवा म्हणतो.

पाण्यासाठी सरळ नमुना आणि दहापट पातळ पुरतं. एचपीसाठी शंभर, हजार आणि दहा हजारपट. प्रत्येकी दोन प्लेट. प्लेटच्या मधोमध ०.१ मिली सोडा, स्प्रेडर अल्कोहोलमध्ये बुडवून पेटवा, थंड होऊ द्या (झाकणाच्या आतल्या बाजूला टेकवला की चर्रर्र आवाज आला तर अजून गरम आहे) आणि प्लेट फिरवत थेंब जिरेपर्यंत पसरवा.

एक प्लेट फक्त मिठाच्या पाण्याची करा आणि बाकीच्यांबरोबर ठेवा. तिच्यावर काहीही उगवलं तर त्या दिवसाची सगळी मोजणी फेकून द्यायची. ही प्लेट सगळे वाचवतात, कारण 'उगीच एक प्लेट फुकट'. एक प्लेट वाचवून तळ्यात पाच हजारांचं औषध ओतणारी माणसं मी पाहिली आहेत.

लिहायचं प्लेटच्या खालच्या भागावर, झाकणावर नाही. झाकणं बदलली की तळी बदलतात.

## टप्पा ५: वाचन, १८ ते २४ तासांत

प्लेट उलट्या ठेवा, ३० अंशांवर, आणि किती वाजता ठेवल्या ते भिंतीवर लिहा. टीसीबीएसमध्ये साखर असते. ती खाऊन आम्ल करणाऱ्या जाती पिवळ्या दिसतात, न खाणाऱ्या हिरव्या. पण साखर संपल्यावर पिवळ्या कॉलन्यांचा रंग उलट फिरतो. सकाळी आठला पिवळी दिसलेली प्लेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरवी होऊ शकते. वाचायला वेळ नाही म्हणून फ्रिजमध्ये ठेवली तरी तेच. छत्तीस तासांनी काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "हिरवा किती?" विचारू नका.

मोजायला ३० ते ३०० कॉलन्यांच्या मधली प्लेट निवडा. बिनपातळ पाण्याच्या प्लेटवरच ३० पेक्षा कमी आल्या, तर आहेत तेवढ्या मोजा आणि पुढे 'कमी' लिहा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके सोडा. टीसीबीएसवर इतरही काही जिवाणू कसेबसे उगवतात. दोन-तीन मिलिमीटरच्या, गोल, चकचकीत कॉलन्या मोजा. पिवळ्या आणि हिरव्या वेगळ्या.

हिशोब एकदा करून दाखवतो. दहापट पातळ केलेल्या पाण्याची प्लेट, ०.१ मिली पसरवलेलं. पिवळ्या ३८, हिरव्या ८, एकूण ४६. पसरवलं दहावा हिस्सा, म्हणून गुणिले १०. पातळ दहापट, म्हणून पुन्हा गुणिले १०. एकूण मिलीला ४,६००, त्यात हिरव्या ८००. पहिलं गुणिले १० विसरणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे, आणि जुन्यांचीही.

## टप्पा ६: अंधारातली तपासणी

चमक बघायला टीसीबीएस फारसं कामाचं नाही, त्यावर ती मंदावते. मीठ घातलेल्या साध्या न्यूट्रिएंट अगरची एक प्लेट जास्तीची करा. १२ ते १८ तासांनी खोलीत पूर्ण अंधार करा, मोबाइल बाहेर ठेवा, दहा मिनिटं डोळे सरावू द्या. हार्वेयी असेल तर कॉलन्या निळसर हिरव्या, स्थिर उजेडात दिसतात. दोन-तीन मिनिटांत 'काही नाही' म्हणून बाहेर येणाऱ्याला खरंच काही दिसलेलं नसतं.

तळ्यावरही रात्री बघता येतं, फक्त एक घोळ टाळा. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात त्या नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्म जीवामुळे, आणि असले जीव खाडीच्या पाण्याबरोबर तळ्यातही येतात. पाण्यात काठी फिरवा. हललं तेवढंच लकाकलं आणि विझलं, तर ते हे जीव. काठी न फिरवता पाणी मंद उजळलेलं, किंवा ट्रेमधली कोळंबी स्वतःच चमकतेय, तर जिवाणू.

## टप्पा ७: आकड्याचा अर्थ लावणं

आता ज्या गैरसमजामुळे हा लेख लिहायला घेतला तो. "पिवळा चांगला, हिरवा वाईट." हे इतकं रुजलंय की लोक तळ्यात साखर, गूळ टाकून 'पिवळं करायला' बघतात.

रंगावरून फक्त साखर खाल्ली की नाही एवढं कळतं. पॅराहिमोलिटिकस हिरवा येतो हे खरं, पण विषाचं जनुक नसलेला निरुपद्रवी वाणही तितकाच हिरवा असतो. हार्वेयीचे काही वाण पिवळे, काही हिरवे. आणि पिवळा येणारा व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस कमजोर कोळंबीला आजारी पाडतोच. हिरवा वाढला तर कान टवकारा, निदान समजू नका.

आमच्या भागात वापरात असलेली ढोबळ मापं सांगतो. ही कायद्यात लिहिलेली नाहीत. पाण्यात मिलीला एकूण हजाराच्या आत आणि हिरवा शंभराच्या आत असेल तर झोपा. एकूण दहा हजारांकडे चाललं, किंवा हिरवा एकूणाच्या दहाव्या हिश्शाच्या वर गेला, तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा नमुना. एचपीमध्ये ग्रॅमला दहा हजारांच्या वर नुसता हिरवाच दिसला, तर कोळंबी धडधाकट दिसत असली तरी तपासणी वाढवा.

पण यापेक्षा दर आठवड्याचे आकडे लिहिलेली तुमची वही मोठी. या पद्धतीत दुप्पट-तिप्पट फरक हाताच्या कामातूनच पडतो. ८०० चे १,६०० झाले यात घाबरण्यासारखं काही नाही. दहापट झाले तर काहीतरी झालंय. आणि एचपीचा आकडा पाण्याच्या आकड्याआधी चढला तर नक्कीच झालंय.

पीसीआर कधी? पहिल्या पस्तीस दिवसांत मर, वर सांगितलेली एचपीची लक्षणं, आणि प्लेटवर हिरवं प्राबल्य, यांतली दोन एकत्र आली की. एचपीचे तुकडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, एक भाग तुकड्यांना दहा भाग अल्कोहोल, असे पाठवा. चेन्नईची सीआयबीए (निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था), मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था), रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय या ओळखीच्या संस्था. आधी फोन करून कोणता नमुना कसा घेतात ते विचारा. हिरव्या कॉलन्यांची प्लेटही पाठवा, जनुक तपासणी त्यावरूनही होते.

सावध: प्लेटला विषाणू दिसत नाही आणि ईएचपी (एचपीत वाढणारा एक सूक्ष्म परजीवी) हाही दिसत नाही. तीन ते सात दिवसांत बहुतेक तळं मेलं आणि कवचावर पांढरे ठिपके असतील तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू. त्या वेळी व्हिब्रिओही चढलेला असतो, मेलेल्या मांसावर. पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे दोरे तरंगत असतील तर ईएचपीची पीसीआरही सोबत मागा.

## टप्पा ८: तळ्यावर काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

क्रम उलटा करू नका. औषधाचा डबा उघडणं शेवटी येतं.

पहिलं, खाद्य. त्याच दिवशी निम्मं करा आणि ट्रे बघून दोन दिवसांनी वाढवा. व्हिब्रिओ जगतो न खाल्लेल्या खाद्यावर आणि विष्ठेवर. खाद्य तेवढंच ठेवून औषध टाकणं म्हणजे पाहुण्याला जा म्हणत ताट वाढणं.

दुसरं, पहाटे चारला तळालगतचा प्राणवायू मोजा. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर एरेटर वाढवा. दुपारी मोजून उपयोग नाही, दुपारी शेवाळ प्राणवायू सोडून कमतरता झाकतं.

तिसरं, गाळ. मधल्या निचऱ्यातून किंवा सायफनने काळा गाळ बाहेर काढा. तो खाडीत नाही, गाळाच्या खड्ड्यात. शेजारच्या तळ्याचं पाणी त्याच खाडीतून येतं, आणि उद्या त्याचं तुमच्याकडे.

चौथं, पाणीबदल. फक्त निर्जंतुक करून मुरवलेल्या रिझर्व्हायरमधून, थोडं थोडं. खाडीतून थेट नाही.

हे चार दिवस करून पुन्हा प्लेट घाला. बहुतेक वेळा आकडा इथेच उतरतो. नाही उतरला तर प्रोबायोटिक, सकाळी दहानंतर, एरेटर पूर्ण चालू ठेवून. गुळाबरोबर भिजवलेलं बॅसिलस (प्रोबायोटिकमधला जिवाणू) तळ्यात पडलं की जिवाणू वाढताना प्राणवायू ओढतात. संध्याकाळी टाकाल तर पहाटे कोळंबी पृष्ठभागावर येईल. जंतुनाशक आणि प्रोबायोटिक यांत किमान ४८ ते ७२ तासांचं अंतर ठेवा. सकाळी आयोडीन आणि संध्याकाळी प्रोबायोटिक टाकणारा दोन्ही डब्यांचे पैसे देतो आणि एकाचाही गुण घेत नाही.

अँटिबायोटिकचं नावही काढू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं कोळंबीपालनात बंद आहेत. काढणीआधीच्या चाचणीत अंश सापडला की माल अडकतो. व्हिब्रिओ मात्र औषध पचवायला शिकून तुमच्याच गाळात पुढच्या पिकाची वाट बघतो.

### ब्लीचिंग: कोळंबी असताना नाही

ब्लीचिंग पावडर पाणी भरलेल्या पण कोळंबी नसलेल्या तळ्यासाठी, बीज सोडण्याआधी. साधारण डोस ६० पीपीएम, म्हणजे हजार घनमीटरला ६० किलो. ४,००० चौरस मीटरचं तळं, १.२ मीटर पाणी, म्हणजे ४,८०० घनमीटर. पावडर २८८ किलो. ताज्या पोत्यात ३० टक्क्यांच्या वर क्लोरीन असतो. गोदामात पावसाळा काढलेल्या पोत्यात किती उरतो ते वासावरून ओळखू नका, तपासून घ्या.

टाका संध्याकाळी, ऊन क्लोरीन खातं. त्याच्या आसपास चुना टाकू नका. पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर गेला की क्लोरीनचा जोर बराच उतरतो, आणि चुना तेच करतो. तीन दिवस एरेटर चालवा, मग किटने क्लोरीन शून्य झाल्याची खात्री करा.

इथे सगळ्यात महागडी चूक होते. क्लोरीन उतरला, पाणी निर्मळ, लगेच बीज सोडलं. क्लोरीनने सगळेच मारलेत, आणि रिकाम्या पाण्यात सगळ्यांत आधी, सगळ्यांत वेगाने वाढणारा कोण? व्हिब्रिओ. दोन-तीन दिवसांत तो एकटाच मालक असतो. म्हणून क्लोरीन संपल्यावर प्रोबायोटिक आणि खत देऊन निदान दहा-बारा दिवस पाणी मुरू द्या, शेवाळ धरू द्या, आणि बीज सोडायच्या आदल्या दिवशी एक प्लेट घाला. त्या दिवशी पाणी हजाराच्या वर असेल तर हॅचरीला फोन करून चार दिवस थांबवा. कंटाळवाणं आहे, पण बीज येऊन पिशव्या तळ्यात तरंगायला लागल्यावर हा फोन करता येत नाही.

## टप्पा ९: आवराआवर

वाचून झालेली प्लेट म्हणजे दाट वाढवलेला जिवाणू. पॅराहिमोलिटिकस माणसालाही जुलाब-उलटीने आडवं पाडतो. कोळंबीचा काटा लागलेल्या जखमेतून शिरणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस तर त्याहून वाईट, आणि यकृताचा आजार असलेल्यांना जीवघेणा ठरू शकतो. अशांना नमुन्याच्या कामाला लावू नका. तळ्यावर काम करताना लागलेली जखम काही तासांत लाल होऊन सुजली, दुखू लागली, तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना खाऱ्या पाण्यात लागलंय हे सांगा. न सांगितलं तर ते साध्या जखमेचं औषध देतील.

प्लेट, टिप, घोटलेला एचपी, सगळं फुलीवाल्या कुकरमध्ये १५ पौंडांवर २० मिनिटं. काचेच्या नसतील तर प्लेट वितळून गोळा होतील, होऊ द्या, म्हणून आत जाड पिशवी घाला. नंतर कचऱ्यात. उरलेला नमुना ब्लीचिंगच्या पाण्यात रात्रभर ठेवून मग खड्ड्यात ओता, बांधावर नाही. आइसबॉक्स साबणाने धुऊन उन्हात उलटा ठेवा, कारण रविवारी त्यातूनच घरी पापलेट येणार असतं.